ओट्यापुढची पिवळी पावलं

ते घर कुरूप होतं. त्याला दुसरा बरा शब्द शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

चिखलीच्या एका आतल्या गल्लीत, एकीकडे वेल्डिंगचं वर्कशॉप आणि दुसरीकडे शालनबाईंचं घर, यांच्या मधोमध दोन खोल्या. विलासनं कुलूप काढलं, दार ढकललं आणि स्वतः बाहेरच थांबला. नेहा भालशंकर आत गेली आणि तिच्या तोंडून निघालं, "बाप रे!" मागून तिची आई केसरबाई आली. तिनं चट्कन तोंडाला पदर लावला. हसू दाबायला, दुसरं काय!

विलासचे वडील मारुतराव. मूळचे चाकणकडच्या खेड्यातले, शेती सोडून कंपनीत लागले आणि जन्मभर मशीनवर उभे राहिले, एक बोटही तिथंच गेलं. कंपनीतून रिजेक्ट म्हणून जे जे भंगारात गेलं, ते ते त्यांनी उचलून आणून घरात बसवलं होतं. भिंतींना मशीनला मारतात तो हिरवा रंग. छत पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांचं. त्या फळ्यांवरच्या छापील छत्र्या, काचेचे पेले आणि बाण जसेच्या तसे, आणि 'ही बाजू वर' सांगणारे सगळे बाण खाली फरशीकडे रोखलेले. खिडकीच्या जागी कुठल्याशा गाडीची मागची काच सिमेंटात चिणलेली, तिच्यातून गल्ली वाकडी दिसायची. बसायला जीपची सीट. मोरीत लोखंडी पत्रा. दोन खोल्यांच्या मध्ये कंपनीच्या दाराला असतो तसला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा, जुना होऊन कडक झालेला. आणि या सगळ्यावर ऑइलचा वास. घर किती महिने बंद होतं कुणास ठाऊक, पण वास ताजा होता.

फरशीवर दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दोन पिवळे पट्टे ओढले होते. नेहा चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होती. शॉपवर चालायची वाट दाखवायला असे पट्टे मारतात, हे ती रोजच बघायची. पण घरात? पट्टे थेट ओट्यापाशी जाऊन थांबले होते. तिथं ओट्यासमोर दोन पावलं रंगवलेली. ऑपरेटरनं कुठं उभं राहायचं ते दाखवायला मशीनपुढे काढतात, अगदी तशी.

"हे कुणासाठी, विलासभाऊ?"

"आईसाठी," विलास बाहेरूनच म्हणाला. "पप्पांना शिस्त लागायची. बाकी काय तोडफोड करायची ती करा मॅडम, फक्त किचनला हात लावू नका. आहे तसं वापरा."

आता असलं घर कुणी घेईल का? पण या दोघींनी घेतलं, आणि त्याला कारण होतं. केसरबाईनं उभी हयात प्राधिकरणातल्या बंगल्यांत भांडी घासली. नवरा बुद्धरत्न कंत्राटी कामगार, तो भाड्याच्याच खोलीत गेला. खोली बघायला गेलं की मालक विचारायचा, "पूर्ण नाव काय तुमचं?" आणि पूर्ण नाव कळलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. विलासनं काहीच विचारलं नाही. त्याला घर लवकर काढायचं होतं. नेहानं कर्ज उचललं, सह्या केल्या, आणि चावी आईच्या हातात ठेवली.

"कुरूप तर कुरूप," केसरबाई म्हणाली. "आपलं हाय. इथून आता मला कुणी उठवायचं न्हाई."

पहिल्या दिवशी बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर लागली, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. केसरबाई खीर करायला ओट्यापाशी गेली आणि सहज त्या पावलांवर उभी राहिली. पावलं बरोब्बर तिच्या मापाची होती.

"बघ गं नेहे, माझ्यासाठीच काढल्यावानी!"

दोघी पोट धरधरून हसल्या.

शेजारच्या शालनबाई खीर खायला आल्या, पण पट्ट्यांच्या पडद्याच्या अलीकडेच बसल्या. जुन्या गावच्या, बोलायला मोकळ्या. पण आत नजर टाकायच्या नाहीत.

"गवराबाई लई मुकाट बाई," त्या विलासच्या आईबद्दल म्हणाल्या. "जवा बघावं तवा ओट्यापाशी. गेली ती बी उभ्या उभ्याच. उचलाया चार गडी लागले, अन् बाई तर काडीवानी."

"आणि मारुतराव?"

"ते मागनं गेले. जाऊ द्या, नव्या घरात कशाला त्या गोष्टी." शालनबाईंनी वाटी खाली ठेवली आणि उठल्या.

नेहानं त्यावर विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठं होता! पहाटे कंपनीची बस, दिवसभर शॉप, घरी यायला चार. यायची तेव्हा आई ओट्यापाशी असायची. निघायची तेव्हाही तिथंच. आधी तिला बरंच वाटलं. पूर्वी गुडघ्यांनी आईला हैराण केलं होतं, आता तक्रार नावाला नाही. भाकऱ्या मात्र वाढत चालल्या. दोघींना लागतील तेवढ्या, मग चौघांना, मग टोपलं भरून. केसरबाई शालनबाईंकडे देई, वर्कशॉपच्या पोरांना देई. पोरं खूश. एवढ्या भाकऱ्या कशाला गं, असं विचारलं की ती म्हणायची, "हात थांबंना बाई."

"आई, बस की जरा."

"आले. एवढी एक थापते."

ती एक कधी संपायची नाही. जेवणसुद्धा तिथंच, उभ्यानं. मग एकदा नेहा तिसरी पाळी करून सकाळी घरी आली. आईची वळकटी कोपऱ्यात होती. काल संध्याकाळी नेहानं तिला गंमत म्हणून ओढणीची गाठ मारली होती, ती गाठ तशीच. नेहानं पडदा सारला. केसरबाई पाठमोरी उभी होती आणि परातीत हात चालू होते. पोटऱ्या सुजून टम्म झाल्या होत्या.

"झोपली नाहीस?"

"झोपले की," केसरबाई म्हणाली. पण तिनं मागं वळून पाहिलं नाही.

नेहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईवर नाही, त्या पावलांवर. तिनं त्याच दिवशी करडा ऑइलपेंट आणला आणि दोन हात दिले. रंग वाळला, आणि वाळता वाळता आतून पिवळा वर आला. तिसरा हात दिला. तोही फरशीनं गिळला. पेंट डुप्लिकेट निघाला असेल, असं ती स्वतःला म्हणाली. क्वालिटीवाली होती ना, दोष आधी मालात शोधायचा.

मग शेखर मिस्त्रीला बोलावलं. म्हटलं, ही फरशीच काढ. केसरबाईला बाहेर जीपच्या सीटवर बसवलं. शेखरनं छिन्नी लावली, तुकडा उचलला आणि हातात धरून उलटसुलट बघत राहिला. रंग वरून मारलेला नव्हता. फरशी जाडीभर पिवळी होती. त्यानं खालचा कोबा फोडला. कोब्यातही दोन पावलं. कोब्याखाली मुरूम, आणि मुरमातही, स्वच्छ कडांची, अंगठ्यासकट.

"ताई, हे किती खोल असंल?" त्यानं विचारलं. मग त्यानं माल कालवला, फरशी होती तशी बसवली आणि मजुरी न घेताच निघाला. दारात थबकला आणि बोट दाखवलं. केसरबाई सीटवर बसून समोर बघत होती, आणि तिचे दोन्ही हात हवेत भाकरी थापत होते.

त्या रविवारी नेहा भाजी घेऊन आली तर केसरबाई ओट्यापाशीच होती, पण हात थांबलेले. तोंड पांढरंफटक.

"नेहे," ती हळू म्हणाली, "पाय निघंना गं."

नेहानं पिशवी टाकली. आईच्या कमरेला मिठी घालून ओढलं. पोटरी धरून टाच उचलायला बघितली. टाचेखाली नख जाईल एवढीसुद्धा फट नव्हती. माणूस भ्यायला की कसा दिसतो हे नेहानं पुष्कळदा पाहिलं होतं, पण आईला तसं कधी पाहिलं नव्हतं. बंगल्यावर कुत्रं अंगावर सोडलं होतं तेव्हाही ही बाई भ्याली नव्हती. नेहाला रडू फुटलं. रडता रडता राग आला, आणि रागात, कंपनीत रोज जे बघत होती तेच हातून घडलं.

कंपनीत एक रिवाज आहे. रिलिव्हर आल्याशिवाय लाइनवरचा माणूस जागा सोडत नाही. शिट्टी होवो, जेवणाची सुट्टी होवो. रिलिव्हर मागून येतो, खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो, "सोड." तेव्हा सुटका. नेहानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सोड आई. मी आहे."

केसरबाई अशी सुटली की धाडकन मागे पडली.

आणि नेहा तिच्या जागी उभी होती. पावलं आता नेहाच्या मापाची झाली होती.

तिनं पाय उचलून पाहिला. निघेना. मग दुसरा. तोही नाही. मग खिशातून फोन काढला, विलासला लावला आणि स्पीकरवर ठेवला. विलास मारुंजीत फ्लॅटवर होता, मागं टीव्ही चालू होता. नेहानं सांगितलं. टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मॅडम, घाबरू नका," तो म्हणाला. त्याला नवल वाटलं नव्हतं. "त्याचं असं आहे, माणूस बदलत राहायचं. आई गेल्यावर आम्ही बाया ठेवायचो कामाला. एकीला झेपेना झालं की दुसरी. पप्पा गेल्यावर कोण ते बघत बसणार, म्हणून विकलं."

"आणि त्या बाया? त्यांचं काय झालं?"

"टिकत नव्हत्या हो. तुम्ही पण एखादी गरजू बघा ना. नाक्यावर मिळतात. तिला सांगायचं, इथं उभी राहा आणि ताईंच्या खांद्यावर हात ठेव. बास. तुमची सुटका."

नेहा काही बोलणार, त्याआधी केसरबाई कमरेवर हात ठेवून उठली आणि तिनं फोनपाशी तोंड नेलं.

"इलास, ती गरजू बाई मीच हाय रं. उभा जलम मीच हुते. आमच्या घरात दुसरी बाई त्या जागी उभी राहायची न्हाई, ध्यानात ठेव."

फोन तिकडून कट झाला. केसरबाईनं पदर खोचला आणि नेहाच्या मागं येऊन हात उचलला.

"खबरदार, आई! हात लावलास तर बघ!"

"अगं पोरी, माझं काय राहिलंय आता? तुझं सगळं आयुष्य जायचंय..."

"तुला इथून सोडवायला मी आलेय. परत तूच उभी राहिलीस तर माझ्या येण्याचा उपयोग काय? घर आपलं आहे. ह्याला आपण सोडायचंही नाही आणि ह्याचं ऐकायचंही नाही. ती सीट ओढ आणि बस तिथं. पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर."

केसरबाईनं जीपची सीट फरफटत मधल्या दारात आणली, पडदा बाजूला सारला आणि बसली. तिला भीती वाटत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तोंडावर तिनं ती दिसू दिली नाही.

"तुझ्या बापाच्या कंपनीत एकदा टूल डाउन झालतं," ती म्हणाली. "आठवतं का तुला? ल्हान हुतीस. साहेब म्हनला, बाहेर जा. हे गेले न्हाईत. आपापल्या मशीनीफुडं उभे राहिले, हात खाली सोडून. काम न्हाई. बोलणं न्हाई. नुसते उभे."

नेहानं आईकडे पाहिलं. मग तिनं ओट्याकडे पाठ फिरवता येते का बघितलं. येत नव्हती. तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट गच्च धरलं.

"लाइन बंद," ती मोठ्यांदा म्हणाली. "रिलिव्हर येईपर्यंत काम नाही."

आधी काहीच झालं नाही. बाहेर वर्कशॉपवाल्याचं ग्राइंडर चालू होतं. मग तिचे हात ओढू लागले. कुणी धरून नाही, आतून, परातीच्या दिशेनं. तिनं नखं रुतवली. शेगडी भक् करून पेटली. तवा तापला, धुरकटला, लाल झाला. ऑइलचा वास घशात उतरला. पिठाच्या डब्याचं झाकण आपोआप खडखडू लागलं. मागच्या पडद्याच्या पट्ट्या एकमेकींवर आपटत होत्या आणि वारा तर नव्हता. डोक्यावरच्या फळ्यांतून भुसा गळू लागला, तिच्या केसांत, परातीत. कुणीतरी अगदी जवळ उभं राहून अधीरपणानं बघतंय, असं तिला वाटलं. साहेब लोक बघतात तसं.

"बघू दे बघायचं तेवढं," ती पुटपुटली.

"कोण म्हणतं देत नाही!" केसरबाई एकदम ओरडली.

नेहाला हसूच आलं. घाम डोळ्यांत जात होता, पाय शिशाचे झाले होते, आणि ती हसत होती. "घेतल्याशिवाय राहत नाही!"

"कोण म्हणतं देत नाही!"

"घेतल्याशिवाय राहत नाही!"

केसरबाई टाळ्या वाजवत होती. दुपार कलली. गाडीच्या काचेतून वाकडं ऊन आत आलं आणि भिंतीवर चढत गेलं. नेहाच्या मनगटातून रक्त आलं, पण तिनं हात सोडला नाही. घसा बसला तरी घोषणा चालूच.

दिवेलागणीला केसरबाई मध्येच थांबली.

टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. ती नेहाकडे बघत नव्हती. नेहाच्या मागं बघत होती.

"आई?"

केसरबाईनं मान हलवली. वळू नकोस.

शेगडी विझली. पडदा थांबला. वर्कशॉपचं ग्राइंडरसुद्धा बंद झालं होतं.

नेहाच्या उजव्या खांद्यावर हात पडला.

जड हात होता. रांठ. पुरुषाचा.

कुणी "सोड" म्हणालं नाही. पण पाय सुटले.

नेहा मागं न बघता निघाली. पिवळ्या पट्ट्यांवरून नाही, पट्टे तुडवत, तिरकी. आईशेजारी येऊन बसली. केसरबाईनं पडदा सोडला आणि लेकीचं मनगट आपल्या पदरात गुंडाळलं.

मग आतून आवाज आला. थप. थप. थप. भाकरी थापल्याचा. लय चुकत होती. मध्येच काहीतरी फाटल्यासारखं व्हायचं, आवाज थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"कोण आहे?" नेहानं विचारलं.

"येतंय का बघू त्याला," केसरबाई म्हणाली.

करपल्याचा वास गल्लीत गेला असावा. शालनबाई "काय गं जळतंय?" म्हणत दारातून आत आल्या, आणि दोघी बाहेर बसलेल्या बघून जागीच थांबल्या. आत थपथप चालू होती. त्याच वेळी पडद्याखालून एक टोपलं सरकत आलं आणि उंबऱ्याशी थांबलं. टोपल्यात एक भाकरी होती. जाडजूड, कडा फाटलेली, मधे करपलेली. तिच्यावर बोटांचे ठसे उमटले होते, रुंद, खोल. एका बोटाची जागा कोरी होती.

शालनबाईंनी वाकून भाकरी पाहिली. मग पदर डोक्यावर ओढला.

"ह्या बाबानं," त्या अगदी हळू म्हणाल्या, "जन्मात पाण्याचा तांब्या सोताच्या हातानं उचलून घेतला न्हवता."

आणि त्या पाठ न फिरवता, मागच्या मागं पावलं टाकत निघून गेल्या.

नेहानं आईकडे पाहिलं. केसरबाईनं टोपलं जवळ ओढलं, भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. मग सुजलेले पाय सीटवर वर घेतले, मांडी घातली, आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "मीठ कमी हाय."

आतली थपथप थांबली. मग डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.